दोन बाजूंची जाडी

५ जानेवारी

काका,

आई म्हणते पत्रात आधी नमस्कार लिहायचा, म्हणून नमस्कार. झाला. आता खुर्ची घट्ट धरून बस, नाहीतर पडशील.

मला पाल मिळणार! खरीखुरी, पाळायची, माझी स्वतःची पाल!

झालं असं, की नऊ मार्चला मी अकरा वर्षांची होणार आणि अकराव्या वर्षी प्राणी पाळायचा असं कबूल झालं होतं. कुत्रा आणि मांजर बाद, कारण केस दिसले की आईला शिंका सुरू होतात, आणि बस चालवणाऱ्या बाईने गाडी चालवताना शिंकून कसं चालेल? मासे बाद, कारण मागचे तिन्ही मासे वारले आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं. (मी त्यांना फक्त माझं अर्धं बिस्किट दिलं होतं.) पोपट बाद, कारण आई म्हणते घरात बडबड करायला एक जण पुरे आहे. मग मी म्हटलं, पाल! आईने ‘शी!’ करून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. जमिनीवर पाल नव्हतीच, नुसता शब्द होता.

मग मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं आता नन्नाचा पाढा सुरू होणार. हल्ली बाबांना काहीही विचारलं की ते ‘बघू’ म्हणतात आणि बघत नाहीत. मे महिन्यात काचेचा तक्ता फुटून त्यांच्या हाताला लागलं, तेव्हापासून ते काच कापतच नाहीत. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नाहीत. दुकानात नुसत्या फ्रेमा ठोकतात, काच पलीकडच्या चौकातल्या काचवाल्याकडून कापून येते. आणि एकतीस मार्चला दुकानच सोडायचं ठरलंय. एप्रिलपासून बाबा आईच्या बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसणार. मला ते अजिबात आवडलेलं नाही, पण मला कोण विचारतंय?

तर बाबा म्हणाले, “पाल? तुझ्या काकाला विचार. पालीतलं त्याच्याइतकं कोणाला कळतं?”

म्हणून विचारते. कोणती पाल घेऊ? चावते का? हातावर बसते का? तिला माझा आवाज ओळखू येईल का? वर्गात मी सांगितलं की माझा काका प्राणिसंग्रहालयात सापांना आणि पालींना जेवू घालतो आणि घरीही पालीच पाळतो, तर कोणी विश्वास ठेवला नाही. एक फोटो पाठव.

आणि तू मे महिन्यानंतर आलाच नाहीस. का?

तुझी भिंगरी


११ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा पालीसाठी आणि दोनदा तुझ्या बाबांच्या वाक्यासाठी. दादा खरंच असं म्हणाला? ‘तुझ्या काकाला’ असंच? रागाने की साध्या आवाजात? पुढच्या पत्रात नीट लिही, पदरचं काही घालू नकोस. दुकान सोडायचं मात्र मला कोणी कळवलं नव्हतं. वडिलांच्या हातचं दुकान आहे ते, बाई.

आता पाल. पाल निवडणं म्हणजे फ्रॉक निवडणं नव्हे. रंगाला भुललीस की फसलीस. तिचा स्वभाव काय, तिला रोज काय लागतं आणि ते तुमच्या घरात जमेल का, एवढंच बघायचं. माझ्या ओळखीच्या तिघी तुला सांगतो.

पहिली टोके गेको. हिला मी फौजदार म्हणतो. निळसर अंगावर लाल ठिपके, बघत राहावं अशी देखणी, आणि स्वभाव असा की विचारू नकोस. मागच्या वर्षी माझा अंगठा धरला तो पंधरा मिनिटं सोडला नाही. शेवटी हात बादलीत बुडवला तेव्हा सुटका झाली. ओरडतेही जोरात. ही तुला नको. कोणालाच नको, पण माझं तिच्यावर प्रेम आहे.

दुसरी लेपर्ड गेको, म्हणजे बिबटी. पिवळ्या अंगावर काळे ठिपके. ही भिंतीवर चढत नाही, जमिनीवर सावकाश फिरते. बाकीच्या पालींना पापण्या नसतात, हिला असतात, त्यामुळे डोळे मिटून झोपते आणि झोपेत हसल्यासारखी दिसते. हातावर शांत बसते. हिला बसकं, रुंद घर आणि खालून ऊब लागते. खायला जिवंत रातकिडे आणि अळ्या.

तिसरी क्रेस्टेड गेको, तुरेवाली. डोळ्यांवर तुऱ्यासारखी झालर असते. पापण्या नाहीत, म्हणून जिभेने स्वतःचे डोळे पुसते! काचेवर चढते, फांदीवरून फांदीवर उडी मारते, कधी कधी उडी थेट आपल्या नाकावर येते. हिला थंडावा आवडतो. खायला फळांची तयार पूड मिळते, ती पाण्यात कालवली की झालं.

नवख्या माणसाने डोळे झाकून बिबटी घ्यावी. मला तीन गोष्टी कळव. वहिनीला रातकिडे चालतील का? त्या तीन दिवंगत माशांची टाकी अजून आहे का? आणि घरात ऊन न येणारा कोपरा कुठे आहे?

फोटो सोबत आहे. अंगठ्याला पट्टी बांधलेला तो मी.

काका


१६ जानेवारी

काका! काका! काका!

फोटो वर्गात फिरला. आता सगळे माझ्याशी नीट वागतात.

तुझी उत्तरं. एक, रातकिडे. आईला विचारलं तेव्हा ती बसच्या किल्ल्या शोधत होती. तिने शोधणं थांबवलं. म्हणाली, “जिवंत? माझ्या घरात? आणि एखादा निसटला तर तो काय पत्ता विचारून परत येणार आहे?” मी म्हटलं, झाकण घट्ट लावीन. ती म्हणाली, “तुझी झाकणं मला माहीत आहेत.” पण पूर्ण नाही म्हणाली नाही, तेव्हा ते मी जमवीन.

दोन, टाकी आहे! दुकानात काउंटरखाली आहे, बसकी आणि रुंद, तुझ्या बिबटीला अगदी हवी तशी! म्हणजे काहीच करावं लागणार नाही. नशीब बघ माझं!

तीन, कोपरा आहे. दुकानातच, काच कापायच्या मोठ्या टेबलाच्या मागे. तिथे कधीच ऊन येत नाही. पण टेबल जाणार आहे. पुढच्या महिन्यात एक माणूस ते न्यायला येईल. त्या टेबलाच्या खणात बाबांचा काच कापायचा हिरा फडक्यात गुंडाळून ठेवलाय. मी परवा खण उघडून बघत होते, तर बाबांनी हळूच तो बंद केला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आणि ते वाक्य साध्या आवाजात म्हणाले. रागाने नाही. मी काल परत विचारलं, “बाबा, काका का येत नाही?” तर म्हणाले, “त्या सरड्यालाच विचार.” काका, ते तुला सरड्या म्हणाले! कितीतरी महिन्यांनी! हे वाईट की चांगलं?

मी बिबटीचं नाव ठरवते आहे. आतापर्यंत सत्तावीस झाली.

भिंगरी


२२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

चांगलं. फार चांगलं. मला दादा लहानपणापासून सरड्या म्हणतो. ‘अरे ऐक’ म्हणायला लागला की समजायचं, बिनसलं.

आता नीट ऐक आणि चिडू नकोस. बिबटी नको. तुरेवाली घे.

मी खूप विचार केला. रातकिड्यांवरून वहिनीशी रोज खटके उडणार, तिकडे फळांच्या पुडीवर काम भागतं. तुमचा कोपरा थंड आहे, तो तुरेवालीच्याच सोयीचा. फक्त तिला उभं घर लागतं. दीड फूट रुंद, दीड फूट खोल, दोन फूट उंच, पुढून उघडणारं दार आणि वर जाळी. ती माशांची टाकी अजिबात चालणार नाही, ती विसर. आणि असं उभं घर तयार कुठे मिळेल असं मला तरी वाटत नाही. करूनच घ्यावं लागेल.

एक वाईट गोष्टही सांगतो, नंतर रडायचं नाही. घाबरली की पाल शेपूट टाकून देते. बिबटीची शेपूट परत येते. तुरेवालीची एकदा गेली की गेली. तरी तिचं काही अडत नाही, चढते, उडते, खाते. पण शेपटीला हात लावायचा नाही हे आत्ताच कबूल कर.

माझ्या घरी चार महिन्यांपूर्वी अंड्यांतून दोन पिल्लं निघालीत. एक आहे टपोरी, झाकण उघडलं की माझ्या डोक्यावर. दुसरी निवांत. तिच्यापुढे बोट धरलं की आधी बघते, मग एक पाय ठेवते, मग जरा विचार करते, मग दुसरा. यातली एक तुझी. कोणती ते तू ठरव.

काका


२८ जानेवारी

काका,

तू पलटी मारलीस! ‘डोळे झाकून बिबटी’ असं तूच लिहिलं होतंस, माझ्याकडे पुरावा आहे. माझी एकतीस नावं पाण्यात गेली. मी दीड दिवस तुझ्यावर चिडले होते.

पण मग जिभेने डोळे पुसणं मी आरशासमोर करून बघितलं आणि मला येईना, तेव्हा राग गेला.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, “पूड ना? मग माझी काही हरकत नाही,” आणि या वेळी पाय खालीच ठेवले! शेपटीचं वाचलं तेव्हा बाबा स्वतःच्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, “शेपूट नसली तरी चढते ना? मग झालं.” मी म्हटलं, मी कधीच जाऊ देणार नाही शेपूट. ते म्हणाले, “ते कोणाच्या हातात असतं का, बाळा?”

मी निवांत घेणार. आश्चर्य वाटलं ना? सगळ्यांना वाटलं मी टपोरी घेईन. पण आई म्हणते घरात एक भिंगरी आहे तेवढी बस, आणि मलाही वाटलं, मी इतकी गरगर फिरते तर कोणीतरी मला थांबून बघणारं हवं. नावही निवांतच ठेवणार.

आता अडचण. घर कोण करणार? मी बाबांना म्हटलं, तुम्ही करा ना. ते म्हणाले, “बघू.” मग बघितलंच नाही. मग म्हणाले, “सरड्याकडून मापं मागव, त्या चौकातल्या काचवाल्याला देऊन टाकू.” तो काचवाला मला आवडत नाही. तो काच कापताना रेडिओ लावतो. बाबा काच कापायचे तेव्हा सगळं दुकान गप्प असायचं, मीसुद्धा.

मापं लवकर पाठव. एकूण चाळीस दिवस राहिले!

भिंगरी


४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

निवांत! तू माझी पुतणी शोभतेस. तिला कळवलं. तिने एक डोळा पुसला.

मापं लिहितो. कागद वेगळा काढून दादाला दाखव, मग काचवाल्याकडे ने. काच दोन सूत जाडीची, पातळ नको. तळ दीड फूट लांब, दीड फूट रुंद. त्यावर दोन बाजू उभ्या राहतील, प्रत्येकी दीड फूट रुंद, दोन फूट उंच. त्या दोन बाजूंच्या मधोमध मागची पाठ बसेल, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. पुढचं दार पाठीसारखंच. वर जाळीचं झाकण.

काचा सिलिकॉनने चिकटवल्या की वास पूर्ण जायला आठ दिवस लागतात. त्याआधी निवांतला आत सोडायचं नाही, तू कितीही गयावया केलीस तरी. आत उभ्या-आडव्या फांद्या, लपायला रुंद पानं. संध्याकाळी दिवे लागले की पाण्याचा फवारा, काचेवर थेंब राहतील एवढाच. ते थेंब ती चाटते. पहिले पंधरा दिवस हातात घ्यायची नाही. नुसतं समोर बसायचं. तुला हे सगळ्यात कठीण जाणार आहे, मला कल्पना आहे.

काचवाल्याकडे जायची घाई करू नकोस. दादाने कागद बघितल्यावरच जा.

काका


९ फेब्रुवारी

काकाऽऽऽ!

काय झालंय तुला कळणारच नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

काल शाळेतून आले आणि मापांचा कागद बाबांसमोर ठेवला. ते फ्रेमेला खिळे मारत होते. तिरक्या नजरेने वाचला. पुढचा खिळा मारला. मग हातोडी खाली ठेवली. कागद उचलून परत वाचला. आणि जे ओरडले, बाप रे! रस्त्यावरचा माणूस थांबला!

“पाठ दीड फूट? दीड फूट? आणि बाजूंची जाडी काय तुझा काका खिशात घालणार आहे? आठ वर्षं वडिलांच्या हाताखाली होता हा गाढव! जाडी विसरलास तर घर बुडालं, रोज कानीकपाळी ओरडायचे ते! ही पाठ मध्ये बसणार कशी? आणि दार? ते तर उघडणारच नाही!”

मी म्हटलं, मग किती करायचं? ते म्हणाले, “चार सूत कमी कर!”

मी धावत वर घरात गेले, आईच्या शिवणाच्या डब्यातून रीळ काढलं, चार धागे कापले आणि आणून त्यांच्या हातावर ठेवले. म्हटलं, “हे घ्या सूत. आता कशातून कमी करू?”

बाबा धाग्यांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. आणि काका, ते हसायला लागले. हसता हसता स्टुलावर बसले, मग परत हसले, डोळे पुसले, परत धाग्यांकडे बघितलं आणि परत हसले! मला आधी राग आला, मग मीही हसले. मे महिन्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी समजावलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काच दोन सूत जाड, बाजू दोन, म्हणजे चार सूत, म्हणजे अर्धा इंच. पाठ साडेसतरा इंच हवी. मला एका झटक्यात कळलं!

मी म्हटलं, मग काचवाल्याला साडेसतरा सांगते. तर म्हणाले, “तो सांगितलेलं ऐकतो कुठे? रेडिओ ऐकतो.” आणि त्यांनी खण उघडला.

त्यांनी हिरा फडक्यातून काढला. दोन बोटं वळत नाहीत म्हणून तीनच बोटांत धरला. कोपऱ्यातला एक टाकाऊ तुकडा घेतला. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरा तुकडा भलतीकडेच फुटला. मला वाटलं आता ठेवून देणार. त्यांनी हात झटकला, हिरा अंगठ्याजवळ जरा वेगळा धरला आणि तिसऱ्यांदा ओढला. कर्रर्र! मग खालून टक्. आणि काच सरळ! इतकी सरळ!

मागे वळून बघते तर आई दारात, डेपोतून आलेली, किल्ल्या हातात तशाच. डोळ्यांत पाणी. मी विचारलं काय झालं, तर म्हणे शिंक येतेय. घरात एकही केस नाही, काका!

उरलेल्या तुकड्यांमधून तळ आणि दोन्ही बाजू निघाल्या. पाठ आणि दार मात्र राहिलंय. त्याला नवा तक्ता काढावा लागेल, तो बाबांपेक्षा उंच आहे. मी म्हटलं काढू या. तर बाबांनी हिरा परत फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, “तो राहू दे.”

का राहू दे? तुला माहीत आहे का?

भिंगरी


१४ फेब्रुवारी

दादा,

भिंगरीच्या पत्राला उत्तर द्यायला बसलो आणि ते तुलाच लिहावं लागणार हे कळलं. तिने विचारलंय, तक्ता का राहू दे. ते मला माहीत आहे.

नऊ महिने मी हे पत्र मनात लिहितोय. आज लिहूनच टाकतो. त्या दिवशी तक्त्याचं एक टोक तुझ्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. छताजवळ, फ्रेमांच्या मागून एक पाल आली. साधी घरातली पाल, दादा. तिच्या तोंडात पतंग होता, तिच्याहून मोठा. मी मान वळवली. एवढंच. तक्ता कलला, टेबलाच्या कोपऱ्यावर बसला आणि मी परत बघेपर्यंत तू हात धरून खाली बसला होतास.

इस्पितळात तू मला म्हणालास, “जा, तुझी गाडी चुकेल.” मी गेलो. मी थांबायला हवं होतं. दर सुट्टीत पिशवी भरली आणि परत रिकामी केली. काय तोंडाने येऊ? तुझ्या हातातलं काम गेलं आणि मी इथे दिवसभर त्यांनाच खाऊ घालतोय, ज्यांच्यापायी ते गेलं.

आणि मग तुझ्याच मुलीचं पत्र येतं, ‘मला पाल मिळणार’! आणि तू तिला माझ्याकडे पाठवतोस. दादा, ते पत्र मी साप धुवायच्या हौदाशेजारी उभं राहून वाचलं आणि लहान मुलासारखा रडलो. तू तीन बोटांत हिरा धरलास हे वाचून काल परत रडलो, पण ते रडणं वेगळं होतं. सगळ्या इमारतीला सांगत सुटलो. अजगर सोडून सगळ्यांना आनंद झाला.

दुकान सोडू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणतो. सोडू नकोस.

माफ कर म्हणत नाही. तुला वाटलं तर कर.

तुझा,
सरड्या


२० फेब्रुवारी

सरड्या,

पत्र लिहायची मला सवय नाही. त्यात हा हात. अक्षर लागलं नाही तर भिंगरीला विचार, ती हल्ली सगळं वाचते.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. तू नऊ महिने कुंपणापर्यंतही आला नाहीस.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी तुला रोज शिव्या घातल्या. हात दुखायचा तेव्हा जास्त. मग कंटाळा आला. मग एक दिवस डोक्यात आलं, की तू चार वर्षांचा असल्यापासून पाल दिसली की तुझी मान वळते. ताटावरून उठून पालीमागे गेलेला आहेस तू. वडील तुला कधीही तक्ता धरू द्यायचे नाहीत, ते उगीच नाही. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी दुसरं टोक मीच तुझ्या हातात दिलं. हातमोजे खुंटीवर होते, तेही मीच घातले नाहीत. तेव्हा सगळा दोष एकट्याने लाटू नकोस. त्यातला अर्धा माझा आहे.

मग मी वाट बघत बसलो की तू येशील. तू आला नाहीस, आणि बोलवायला माझा हट्ट आडवा आला. पोरीने पालीचं काढलं तेव्हा म्हटलं, बरं झालं, आता तरी लिहील.

आता तुझी लबाडी. बिबटीची एका पत्रात तुरेवाली झाली, तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. घरात खरी पाल यायच्या आधी! उभं काचेचं घर तयार मिळत नाही म्हणे. मी चौकशी केली. आपल्याच रस्त्यावर तीन दुकानांत मिळतं. मला हिऱ्याला हात लावायला लावण्यासाठी तू पालीची जात बदललीस, हे न कळायला मी काय दूधखुळा आहे? म्हणून तर मीही मुद्दाम काचवाल्याचं नाव काढलं. म्हटलं, बघू हा पुढे काय करतो.

पण मापांचं मात्र मानलं तुला. मुद्दाम जाडी विसरलास! चुकीचं माप बघून मी गप्प बसूच शकणार नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला सुचलं असतं? तिथे मी हरलो. वडील असते तर त्यांनीही पाठ थोपटली असती.

टेबल न्यायला माणूस आला होता. त्याला परत पाठवला. डेपोत अजून काही कळवलेलं नाही. आधी ही पाठ बसू दे, मग बघू. या वेळी खरंच बघू.

तक्ता मांडणीवर उभा आहे. एकट्याला उचलत नाही. भिंगरीची आई म्हणाली, मी धरते. मी नको म्हटलं. दुसरं टोक धरायला मला माझाच माणूस हवा. एक मार्चला ये. वास जायला आठ दिवस लागतात असं तूच लिहिलंयस, म्हणजे पोरीच्या वाढदिवसापर्यंत तुला राहावं लागेल. साहेबांकडून रजा काढ. अजगराला सांग, घरी काम आहे.

दादा

ता. क. बाबा जेवायला गेलेत, म्हणून मी लिहिते. मी सगळं वाचलं. तू ये ये ये ये! निवांतला खिडकीजवळ बसव, तिला ऊन लागू देऊ नकोस. पालीकडे बघितलंस म्हणून मी तुझ्यावर चिडलेली नाही. मीही बघितलं असतं. भिंगरी.


२४ फेब्रुवारी

दादा,

रजा मिळाली! साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, काच धरायला जायचंय. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. एक मार्चला सकाळच्या गाडीने येतो. निवांत डब्यात, डबा माझ्या मांडीवर, आणि मांडी सावलीच्या बाजूला. भिंगरीला सांग, टपोरी शेजाऱ्याकडे ठेवतोय आणि शेजाऱ्याला आत्तापासून घाम फुटलाय.

एक गोष्ट कबूल केल्याशिवाय मला गाडीत चढवत नाही. तुरेवालीची लबाडी माझी, ती मी मानतो. तीन दुकानांचं मला माहीत होतं. पण दादा, जाडी मी मुद्दाम विसरलो नव्हतो. खरंच विसरलो. दोनदा तपासूनही विसरलो. भिंगरीचं ते पत्र वाचेपर्यंत मला पत्ताच नव्हता. वडिलांनी मला आठ वर्षांत हाकलून का दिलं नाही, तेच आता समजत नाही. तुझी शाबासकी परत घे. पण हसलास, ते परत घेऊ नकोस.

आल्या आल्या डबा भिंगरीच्या हातात देईन. मग तू हातमोजे घाल, मी घालतो. तू म्हणशील तेव्हा उचलू आणि तू म्हणेपर्यंत खाली ठेवणार नाही. छताकडे पाली असतील तर असू देत. मगर उतरली तरी मी मान वळवणार नाही.

तुझा,
सरड्या